सात नंबरमधली हवा

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पोचलो. खोली मिळाली, गादी मिळाली, उशी अजून यायची आहे. तोवर स्वेटरची घडी करून डोक्याखाली घेतो. आईला मात्र 'उशी छान आहे' असंच सांग.

तुझं पत्र माझ्या आधीच इथे येऊन बसलं होतं आणि त्याने माझी पार अब्रू घालवली. पाकिटावर नावाखाली कंसात 'टिल्लू' लिहायची काय गरज होती? टपाल वाटणाऱ्याने ते जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचलं. आता अख्खं स्क्वाड्रन मला टिल्लू म्हणतं, साहेबसुद्धा. त्यात खोलीतला माझा जोडीदार ताडमाड उंच, त्याला आधीपासूनच लांब्या म्हणतात. आम्ही दोघं बरोबर चाललो की लोक हातातलं काम टाकून बघतात. वरही आम्ही जोडीनेच उडतो, मी पुढे, तो माझ्या उजव्या पंखाशी. त्याच्या वडिलांचं शिवणाचं दुकान आहे. चांगला आहे. फार खातो आणि झोपेत गातो.

आता तुझ्या आवडीचा विषय. या नव्या विमानात ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर नाहीच. इंजिनातून येणारी हवा एका चाळणीतून जाते, चाळणी नको ते अडवते आणि उरलेला ऑक्सिजन आमच्या मास्कमध्ये येतो. म्हणजे इंजिन चालू तोवर श्वास चालू. अडीनडीला सीटखाली एक छोटी बाटली आहे, तिची हिरवी कडी मांडीजवळ असते. ओढली की झालं. आणि हो, उतरल्यावर सगळे खोकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून दवाखान्यात आलो.

गेटवर फोन एकच आहे आणि रांगेतला मागचा माणूस आपलं बोलणं ऐकून हसतो. तेव्हा पत्रच बरं.

तुझा,
टिल्लू (आता काय लपवायचं?)

१५ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

अब्रू गेली ते बरंच झालं, ओझं कमी.

खोकल्याचं घाबरू नकोस. जास्त ऑक्सिजन ओढत तुम्ही जोराची वळणं घेता, तेव्हा फुप्फुसाचे खालचे बारीक फुगे मिटतात. खोकलं की उघडतात. दाढी मात्र गुळगुळीत करत जा. मास्कच्या कडेला चार केस राहिले तरी हवा निसटते. 'दोन दिवसांची दाढी मला शोभते' असं तू मागे म्हणाला होतास. शोभत नाही.

आज नवी तुकडी चेंबरमध्ये घातली. आता तुला वेगळं काय सांगायचं, तूही त्या लोखंडी खोलीत बसून गेला आहेस. बाकावर बसवायचं, हळूहळू हवा काढून घ्यायची, मास्क उतरवायला लावायचे आणि हातात पाटी देऊन वजाबाकी करायला सांगायची. एकाने आज स्वतःचं नाव तीनदा चुकीचं लिहिलं आणि मार्क किती म्हणून विचारलं.

तुझी पाळी मला आठवते. नात्यातलं माणूस आत चालत नाही, म्हणून मी काचेबाहेर उभी होते. ऑक्सिजन कमी पडला की कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाचं डोकं ठणकतं, कुणी उगीच भांडायला उठतं. तू हसत होतास. सगळी उत्तरं चुकलेली आणि बाहेर आल्यावर म्हणालास, "पैकीच्या पैकी ना, मावशी?" तेव्हा सांगितलं तेच परत सांगते. त्रास झाला तर माणूस त्यातून सुटायला बघतो. बरं वाटत असलं तर कोण सुटायला बघेल? म्हणून तुझी खूण सगळ्यात वाईट. वर असताना विनाकारण फार आनंद झाला तर आधी मास्क बघ, कडीला हात घाल, आनंद नंतर कर.

तुझी आई बरी आहे. तुझ्याविषयी विचारत नाही, पण मी बोलायला लागले की भांडी घासायची थांबते. वरून विमान गेलं की खिडकी लावून घेते. तू नसलेल्या विमानांवरही तिचा राग आहे.

तुझी,
मावशी

१० मार्च

प्रिय मावशी,

आज तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. असा दिवस पुन्हा येणार नाही.

सकाळी मी सात नंबरचं विमान घेऊन वर गेलो, लांब्या शेजारी. ढग खाली राहिले. मग एका वळणानंतर सगळं एकदम मऊ झालं. रंग जरासे फिके, धुतलेल्या कापडासारखे, आणि आवाज लांबून. मनात काही म्हणजे काहीही उरलं नाही. आई बोलत नाही हे आठवलं, तर त्याचंही काही वाटलं नाही. बोलेल, नाही बोलणार, ठीक आहे. मी रेडिओवर गुणगुणत होतो म्हणे. लांब्या म्हणाला, "टिल्लू, तुला विमान मिळालंय की बाजा?" त्यावर मी इतका हसलो की त्याने दोनदा विचारलं, बरा आहेस ना.

खाली आल्यावर गंमतच झाली. मी चाकांची तपासणी करायला म्हणून चक्क दुसऱ्याच विमानाकडे गेलो आणि तिथल्या मेकॅनिकशी वाद घातला की हेच माझं. सगळ्यांची हसून मुरकुंडी. संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं, पण काय हरकत आहे! तू चेंबरमध्ये बसून किती वर्षं लोकांना वर नेतेस, पण हे तुला नाही कळायचं गं.

आईला एवढं वर गेल्याचं सांगू नकोस.

तुझा,
टिल्लू

१४ मार्च

टिल्लू,

हे पत्र वाचून झालं की लगेच तुमच्या तळावरच्या डॉक्टरांकडे जा. उद्या नाही. तुला आनंद झाला नव्हता, तुझा मेंदू विझत होता. फिके रंग, लांबून येणारे आवाज, दुसऱ्याचं विमान आपलं वाटणं, हे मी तुला शिकवलेलं आहे आणि तूच मला ते गंमत म्हणून लिहून पाठवतोस.

डॉक्टर तपासेपर्यंत उडायचं नाही. रागावायचं असेल तर जमिनीवर बसून रागाव.

मावशी

२० मार्च

प्रिय मावशी,

तू उगीच घाबरलीस. मी नाश्ता न करता वर गेलो होतो, एवढंच.

आणि डॉक्टरकडे जाणं इतकं सोपं नाही. गेल्या वर्षी दोघं गेले. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही घाबरून भरभर श्वास घेता, त्याने मुंग्या येतात. दोघंही जमिनीवर आले ते आलेच. एक आता सामानाच्या गोदामात बसून मोजे वाटतो. इथे कुणी काही बोलत नाही ते उगीच नाही. सात नंबरमध्ये लांब्यालाही एकदा बोटं बधिर झाल्यासारखी वाटली होती, त्यानेही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढच्या महिन्यात माझी चाचणी आहे. पास झालो तर चार विमानांचा म्होरक्या होईन. लहानपणापासून मला दुसरं काही नको होतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आईने नाही म्हटलं तेव्हा फॉर्मवर पालक म्हणून तूच सही केलीस.

कुणाला काही लिहू नकोस. प्लीज, मावशी.

टिल्लू

२६ मार्च

चि. टिल्लू,

दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. मी तुमच्या डॉक्टरांना आज लिहिलं. ऑक्सिजन कमी पडला की हा मुलगा हसतो, चेंबरमध्ये मी ते पाहिलं आहे, त्याची नीट तपासणी झाल्याशिवाय त्याला वर पाठवू नका, असं. खाली माझं नाव, पद, सगळं घातलं, म्हणजे ते बाजूला टाकणार नाहीत.

सही मी केली होती ना. म्हणून हेही मलाच करावं लागलं.

मावशी

२२ एप्रिल

तीर्थरूप मावशीस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र डॉक्टरांना पोचले. आपल्या शब्दाला इथे किती मान आहे ते पाहून समाधान वाटले. 'चेंबरवाल्या बाई म्हणतात म्हणजे खोट मुलातच असणार,' असे ते माझ्यासमोर म्हणाले. माझे रक्त, छाती, डोके, कान, सर्व तपासून झाले. काहीच सापडत नाही, तरी पाठवत नाहीत, कारण बाईंनी लिहिले आहे.

चाचणी झाली. मी नव्हतो. लांब्या पास झाला आणि सात नंबर आता त्याच्याकडे आहे. मला टॉवरमध्ये रेडिओशेजारी खुर्ची दिली आहे. खुर्चीला चाके आहेत, तेवढीच काय ती हालचाल.

आपण माझा जीव वाचवला असे आपल्याला वाटत असेल. आपण मला विश्वासात न घेता माझे आयुष्य बंद केले, असे मला वाटते. आता लिहिण्यासारखे काही नाही.

आपला भाचा

१९ मे

टिल्लू,

माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. गेटवर फोन केला, तर तू येत नाही म्हणालास. ठीक आहे. हे पत्र माझ्यासाठी वाचू नकोस, पण वाच.

आज दुपारी तुझी जुनी पत्रं काढून बसले होते. तुझ्या मार्चच्या पत्रात एक ओळ आहे. सात नंबरमध्ये लांब्यालाही बोटं बधिर वाटली होती. मी ती तेव्हा वाचली होती. वाचली आणि पुढे गेले, कारण मला त्या पत्रात फक्त तू दिसत होतास. दोन वेगळी माणसं, दोघांच्या खुणा वेगळ्या, आणि विमान एकच. टिल्लू, खोट तुझ्यात नाही. विमानाच्या चाळणीत आहे. मी डॉक्टरांना मुलगा तपासा म्हणून लिहिलं, विमान तपासा म्हणून लिहिलंच नाही.

उद्या सकाळी ऑफिस उघडलं की मी तुमच्या साहेबांना फोन करते. तोवर तू लांब्याला सांग, सात नंबर घेऊ नकोस. घ्यावंच लागलं तर बोटांना मुंगी आली रे आली की विचार करत बसू नको, कडी ओढ. विचार करायला लागणारा भागच आधी जातो.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्याच्याशी बोल.

मावशी

२४ मे

मावशी,

तुझं पत्र आज मिळालं. साहेबांना फोन केलास तेव्हा तुला कळलंच असेल, लांब्या १९ तारखेलाच गेला, सकाळी. तू लिहायला बसलीस तेव्हा तो नव्हता.

सकाळी बूट घालताना तो म्हणाला, "तुझं विमान आहे लेका, ओरखडा काढत नाही." मी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. महिनाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होतो. त्याने काय केलं होतं? चाचणी पास झाला होता.

मी टॉवरमध्ये होतो. त्याने वर गेल्यावर उंची सांगितली. थोड्या वेळाने परत तीच सांगितली. मग परत, सावकाश, झोपेत पाढे म्हटल्यासारखी. मी शेजारच्या कंट्रोलरच्या हातातून माइक ओढून घेतला.

"लांब्या, कडी ओढ."

"हं."

"हिरवी कडी. मांडीजवळ आहे. आत्ता ओढ."

"ओढली."

"नक्की?"

"ओढली रे. किती ओरडतोस."

"मग खाली ये. नाक खाली कर आणि ये खाली."

"आलो."

इतका शांत आवाज होता की कंट्रोलर सुस्कारा सोडून मागे टेकला. मीही टेकलो. मावशी, मीही टेकलो. पडद्यावरचा ठिपका मात्र सरळ चालला होता, उतरतच नव्हता. मी हाका मारत राहिलो. साहेब आले, त्यांनी मारल्या. मग ठिपका एका बाजूला वळला आणि टेकड्यांच्या पलीकडे नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. सीटखालची बाटली सापडली. भरलेली होती. कडीला हात लागलाच नव्हता. तो खोटं बोलत नव्हता गं. त्याला खरंच वाटत होतं की आपण ओढली.

खोलीत त्याची गादी तशीच आहे. गुंडाळून ठेव म्हणाले, मला जमलं नाही.

टिल्लू

३० मे

टिल्लू बाळा,

चार वेळा लिहून फाडलं. तुला धीर द्यायला बसते आणि धीर द्यायचा मला काय अधिकार, असं वाटून थांबते.

जे घडलं ते तुझ्यापुढे तरी सरळ मांडते. तुमच्या डॉक्टरांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी मुलाकडे बोट दाखवलं, म्हणून सगळे मुलाकडे बघत बसले आणि विमान उडत राहिलं. इतकी वर्षं मी मुलांना शिकवते की एकाच खुणेकडे टक लावून बघू नका. तुझी खूण दिसली आणि मी तेच केलं. तू माझा होतास म्हणून. तो कुणाचा तरी होता.

चौकशी समितीला मी कळवलं आहे की मला बोलवा. हे सगळं तिथे सांगणार आहे. त्यानंतर ते मला चेंबरमध्ये ठेवतील की नाही, माहीत नाही.

तूही बोल. 'तेव्हा का नाही बोललास' असं विचारतील. विचारू देत. तुझ्यासारखे आणखी किती जण गप्प आहेत, ते तुला माहीत आहे. मला नाही.

तुझी आई इथे आली होती. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "त्या मुलाच्या आईकडे कुणी गेलंय का?" तू जाशील का? माझ्यावर रागावला असशील तर रागाव, पण जा.

मावशी

२ जुलै

प्रिय मावशी,

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. हो, तुझ्यावर रागावलो आहे. माझ्यावर त्याहून जास्त. यातलं काही लवकर जाईल असं वाटत नाही, पण तुला न लिहिता राहवतही नाही.

चौकशीत तू येऊन बोललीस ते मला मागाहून कळलं. आम्हाला वेगळं बसवलं होतं. साहेबांनी हॉलमध्ये विचारलं, "आणखी कुणाला वर असताना असं काही झालंय?" कुणी हललं नाही. मग मी उठलो आणि सगळं सांगितलं, रंग, गुणगुणणं, चाचणीसाठी गप्प राहिलो ते. मी खाली बसायच्या आत मागे एक खुर्ची सरकली. मग आणखी एक. निम्मा हॉल उभा होता, मावशी. मोजे वाटणाऱ्यालाही बोलावून घेतलं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते.

चाळण्या उघडल्या. आतल्या हवा गाळणाऱ्या खड्यांनी ओल धरली होती, सात नंबरच्या तर लगदाच झाला होता. ऑक्सिजन कमी झाल्याचा दिवा होता, पण तो लागायच्या आधीच माणूस गुंगायचा. आता सगळी विमानं उभी आहेत. नव्या चाळण्या येतायत, आणि एक मोठी बाटली, कुणी काही न ओढता आपोआप चालू होणारी.

मी लांब्याच्या घरी गेलो होतो. त्याची बॅग घेऊन. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. वडील मशीनवर बसले होते, गळ्यात टेप. त्यांनी बॅग घेतली, बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, "श्वास कोंडून गेला ना रे तो?" मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "मशीनवर बसल्या बसल्या मी श्वास धरून बघतो. किती वेळ धरता येतो ते. थोडा वेळ गेला की छाती फुटायला लागते. त्याला असंच झालं असणार."

तेव्हा मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि तू आम्हाला समजावतेस तसं समजावलं. "कोंडत नाही काका. श्वास चालूच असतो. छाती भरते, रिकामी होते, नेहमीसारखी. त्या हवेत फक्त हवं ते नसतं. दुखत नाही. मला स्वतःला झालंय त्या विमानात. मला तर बरं वाटत होतं."

त्यांनी मशीनवर दोन्ही कोपरं टेकली. इतके दिवस धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखे खांदे खाली आले. म्हणाले, "दुखलं नाही." मी म्हणालो, "नाही." मग म्हणाले, "म्हणजे त्याला कळलंच नाही, आपण चाललोय ते."

"नाही, काका."

"मग आमची आठवणही आली नसेल."

खोटं बोलावंसं वाटलं. बोललो नाही.

लांब्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "शेवटी काय म्हणाला?" मी सांगितलं, "मी त्याला खाली ये म्हणालो. तो आलो म्हणाला." ती एकदम हसली. "तसंच म्हणायचा. जेवायला हाक मारली की आतून आलो. आणि ताट गार होईपर्यंत पत्ता नसायचा." हसता हसताच आत गेली आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मी निघेपर्यंत नळ चालूच होता.

मला डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिलंय. नवी चाळणी बसली की महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी मला वर जायचंय. जाणार आहे. का, ते नीट सांगता येत नाही. पण वरचं ते सगळं, ढग खाली राहतात तो क्षण, ज्यासाठी मी आईशी भांडलो, ते आता माझ्याकडे नाही. वर बरं वाटलं की मला भीती वाटणार. यापुढे कायम.

आईला मी स्वतःच लिहिलंय. उशीबद्दलही.

टिल्लू

१२ जुलै

प्रिय टिल्लू,

तू तिथे गेलास, त्यांच्यासमोर बसलास आणि खोटं बोलला नाहीस. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. तुझा राग आहे तिथे असू दे. मी त्याची घाई करणार नाही.

जा की जाऊ नकोस, हेही मी सांगणार नाही. एकदा सही केली, एकदा पत्र लिहिलं, आता तुझ्या बाबतीत पुरे.

मला चेंबरमध्ये ठेवलं आहे. शिकवणं थोडं बदललंय. आता प्रत्येकाने स्वतःची खूण सांगायची आणि शेजारच्याचीही. आणि एकाच विमानात दोघांना काही वाटलं तर सगळ्यात आधी ते विमान बंद.

काल नव्या तुकडीत एक मुलगी होती, बारीकशी, हुशार. मास्क काढून वजाबाकी करत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची नखं निळी पडत गेली. मी म्हणाले, "बास, मास्क घाल."

"घातला की, बाई," ती म्हणाली. मास्क तिच्या मांडीवर होता. तिने तो हाताने धरलाही होता. आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मलाच दिसत नाहीये.

इतकी वर्षं हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. दर वेळी आम्ही हसतो, नंतर मुलंही हसतात. काल मला हसू आलं नाही. मी पुढे झाले, तिच्या हातातून मास्क घेतला, तिच्या तोंडावर दाबून धरला, आणि तिच्या डोळ्यांत जान येईपर्यंत हात काढला नाही. मग ती रडायला लागली, का ते तिलाही कळेना. मीही तिथेच तिच्याशेजारी बाकावर बसून राहिले.

माझा हात तिच्यापर्यंत पोचत होता, टिल्लू. एवढंच होतं ते.

सोमवारी उतरलास की लगेच दोन ओळी टाक. त्या येईपर्यंत तुझी आई माझ्याकडे राहायला आली आहे.

मावशी